‘उन्हाळी लागली’ एवढ्यावर थांबू नका: रक्ताचा आजार आणि लघवीचा जंतुसंसर्ग

सोलापुरात मार्च अर्धा सरला की पारा चाळिशीकडे निघतो आणि घरोघरी एक वाक्य ऐकू येऊ लागतं: ‘उन्हाळी लागली.’ लघवीला जळजळ, थेंबथेंब लघवी, दर अर्ध्या तासाला बाथरूमची फेरी. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत यालाच ‘वेडी चेसिंदी’ म्हणतात, म्हणजे अंगात उष्णता झाली. मग धन्याचं पाणी, सब्जा, ताक, नाहीतर मेडिकलवरून जळजळीचं सिरप. धडधाकट माणसाचं यात फारसं बिघडत नाही. पाणी कमी पडून लघवी घट्ट झाली असेल तर दिवसभरात उतारही पडतो.

हे लिखाण धडधाकट माणसासाठी नाही. थॅलेसेमिया, सिकल सेल, जी-६-पीडी एन्झाइमची कमतरता, हिमोफिलिया, आयटीपी (प्लेटलेट कमी होण्याचा आजार), अप्लास्टिक ॲनिमिया (अस्थिमज्जेत रक्तपेशीच पुरेशा तयार न होणं), ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा यांपैकी काही असलेल्या किंवा रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असलेल्या माणसासाठी, आणि त्याहून जास्त त्याच्या घरच्यांसाठी आहे. जंतू बहुतेक वेळा तेच असतात. आतड्यातला ई. कोलाय सगळ्यांत पुढे, मागोमाग क्लेबसिएला, एन्टेरोकोकस, प्रोटियस. बदलतं ते बाकी सगळं: रिपोर्टचा अर्थ, लघवीच्या रंगाचा अर्थ, तापाची घाई, आणि कोणती गोळी चालेल हे. म्हणून औषध लिहिणाऱ्याला तीन गोष्टी आधी कळल्याच पाहिजेत: रक्ताचा आजार नेमका कोणता, गेल्या तीन-चार दिवसांतल्या पेशी किती, आणि सध्या आणखी कोणकोणती औषधं पोटात जातायत.

‘पेशी कमी आहेत’ म्हणजे कोणत्या?

डेंग्यूच्या साथींनी आपल्याला ‘पेशी’ म्हणजे प्लेटलेट अशी सवय लावली आहे. रक्ताच्या रुग्णाच्या बाबतीत हा शब्द घोटाळा करतो. प्लेटलेट कमी असतील तर भीती रक्तस्रावाची. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल कमी असतील तर भीती जंतूंची. दोन्हींची काळजी वेगळी. फोनवर डॉक्टरांना नुसतं ‘पेशी कमी आल्यात’ सांगू नका, आकडा वाचून दाखवा.

न्यूट्रोफिलचा आकडा बऱ्याच रिपोर्टमध्ये थेट दिलेला नसतो, तो काढावा लागतो. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००. समजा पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर ३६०. हा आकडा ५००च्या खाली असेल किंवा येत्या दोन दिवसांत तिकडे घसरणार असेल (किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात हे होतं), तर लघवीच्या प्रत्येक तक्रारीकडे गंभीरपणेच बघायचं.

कारण इथे नेहमीची खूणच नाहीशी होते. लघवीतले ‘पस सेल्स’ म्हणजे बहुतांशी न्यूट्रोफिलच. रक्तातच न्यूट्रोफिल नसतील तर लघवीत येणार कुठून? रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स १-२’ दिसतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि तिकडे मूत्राशयात जंतू वाढत असतात. जळजळसुद्धा सौम्य असू शकते, कारण सूज आणणारी फौजच हजर नाही. अशा रुग्णाचं लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी) साध्या रिपोर्टवर न विसंबता करावं लागतं.

लघवीत बुडवून बघायच्या नायट्राइटच्या पट्टीचंही तसंच. ई. कोलाय लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतो, पण त्यासाठी लघवी साधारण ४ तास मूत्राशयात राहायला हवी. दर अर्ध्या तासाला लघवीला जाणाऱ्याची पट्टी कोरीच निघते. एन्टेरोकोकस हे काम करतच नाही. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तरी पट्टी फसते.

नमुना घेण्यातच अर्धं कल्चर बिघडतं

मला विचाराल तर सोलापूरसारख्या ठिकाणी सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या पूर्णपणे टाळण्याजोग्या आहेत.

बाटली निर्जंतुकच हवी, लॅबमधून किंवा मेडिकलमधून मिळणारी, सीलबंद. घरातली धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्यायचा. एक गोळी पोटात गेली तरी कल्चर कोरं येऊ शकतं. हात साबणाने धुवा. लघवीची जागा साध्या पाण्याने धुवून कोरडी करा. डेटॉल-सॅव्हलॉन लावू नका, त्याचा अंश बाटलीत गेला तर जंतू तिथेच मरतात. बायकांनी पुढून मागे पुसायचं आणि लघवी करताना दोन बोटांनी कड बाजूला धरायची. पुरुषांनी कातडी मागे सारायची. पहिली धार सोडून द्यायची, मधली २० ते ३० मिली बाटलीत धरायची, शेवटची पुन्हा सोडायची. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बाटलीवर नाव आणि वेळ. पाळी चालू असेल तर तेही लिहा, नाहीतर लघवीत रक्त म्हणून वेगळीच शोधाशोध सुरू होते.

आता उन्हाची गोष्ट. ई. कोलायला अनुकूल वातावरण मिळालं तर तो दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. करमाळ्याहून किंवा मंगळवेढ्याहून एसटीने बाटली घेऊन निघालात, बाहेर ४१ अंश, बाटली पिशवीत मांडीवर. दोन तासांत सहा वेळा दुप्पट म्हणजे ६४ पट, तीन तासांत ५१२ पट. बाटलीत चुकून पडलेले मूठभर जंतूही लॅबमध्ये ‘एक लाखाच्या वर’ म्हणून उगवतात आणि नसलेल्या संसर्गाला आठवडाभर अँटिबायोटिक मिळतं. नियम असा: साध्या तापमानात २ तासांच्या आत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजच्या तापमानात (४ अंशांच्या आसपास) ठेवून २४ तासांच्या आत. फ्रीजरमध्ये गोठवायचं नाही. गावाहून आणायचं असेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बर्फ घातलेल्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा. त्याहून सोपं म्हणजे लॅबमध्ये येऊनच नमुना देणं.

कल्चरला जंतू उगवायला २४ ते ४८ तास, कोणतं औषध लागू पडतं हे कळायला आणखी एक दिवस. रिपोर्ट सकाळचा संध्याकाळी मिळाला तर ते कल्चर नव्हे, साधी तपासणी आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. काहीही त्रास नाही, ताप नाही, आणि सहज केलेल्या कल्चरमध्ये जंतू आले, तर सहसा औषध द्यायचं नसतं. गरोदर स्त्री आणि मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण हे ठळक अपवाद. न्यूट्रोफिल फारच खाली असतील तर निर्णय रक्तविकारतज्ज्ञाचा. प्रत्येक रिपोर्टवर गोळ्या घेत राहिलं की पुढच्या खेपेला गोळी लागू पडत नाही. आपल्याकडच्या ई. कोलायने सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आणि तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनना मोठ्या प्रमाणावर दाद देणं सोडलंय ते अशाच कारणांनी.

लाल, तपकिरी, केशरी

लघवीचा रंग बदलला की पहिला संशय ‘इन्फेक्शन’चा येतो. रक्ताच्या रुग्णात तो बरेचदा चुकतो.

पट्टीवर ‘ब्लड’ चार प्लस, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी जवळजवळ नाहीत: ही जोडी लक्षात ठेवा. पट्टीला हिमोग्लोबिन कळतं, ते पेशीत आहे की सुटं आहे हे कळत नाही. लाल पेशी दिसत नसतील तर रक्तातच पेशी फुटतायत आणि हिमोग्लोबिन लघवीतून गळतंय, असा अर्थ असू शकतो. रंग कोकाकोलासारखा, गाठी नाहीत, बरोबर थकवा, डोळ्यांत पिवळेपणा, कंबरदुखी. जी-६-पीडी कमी असलेल्यांत चुकीच्या औषधानंतर एक ते तीन दिवसांत हे दिसतं. पीएनएच नावाच्या आजारात सकाळची पहिली लघवी गडद येते. लॅबला लघवी सेंट्रिफ्यूज करून बघायला सांगा: लाल पेशी असतील तर तळाला बसतात आणि वरचं पाणी स्वच्छ होतं, सुटं हिमोग्लोबिन असेल तर सगळं सारखंच लाल राहतं.

सिकल सेलमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांचा रक्तपुरवठा तुटतो आणि न दुखता लाल लघवी येते. त्यात जंतू असतीलच असं नाही. सायक्लोफॉस्फामाइड किंवा इफोस्फामाइड घेतलेल्यांत त्या औषधाच्याच विषारी अंशाने मूत्राशयाचं अस्तर सोलवटतं: जळजळ, सारखी घाई, रक्त, सगळं संसर्गासारखं, आणि कल्चर कोरं. त्याला अँटिबायोटिक देऊन काही होत नाही; भरपूर पाणी, पुढच्या डोसला मूत्राशय जपणारं मेस्ना हे औषध, आणि किमो देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं हा उपाय.

निव्वळ औषधाचा रंगही असतो. थॅलेसेमियातलं लोह काढणारं डेफेरिप्रोन आणि डेफेरॉक्सामिन दोन्हींनी लघवी लालसर तपकिरी होते. रिफाम्पिसिनने केशरी. जळजळ शमवणाऱ्या फेनाझोपिरिडिनच्या गोळीने गर्द केशरी, आणि तिच्यामुळे पट्टीवरचे सगळेच रंग वाचता येईनासे होतात. बीट खाल्लं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहेच.

मायलोमाच्या रुग्णांसाठी एकच वाक्य: पट्टीवर ‘प्रोटीन निल’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, पट्टीला अल्ब्युमिन कळतं, मायलोमातलं लाइट चेन प्रथिन बहुधा कळत नाही.

कोणती गोळी कोणाला महागात पडते

नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला चांगलं औषध. १०० मिलीग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, ५ दिवस, असा मोठ्या बाईमाणसाचा नेहमीचा क्रम. ई. कोलाय अजून त्याला बऱ्यापैकी ऐकतो. पण जी-६-पीडी कमी असेल तर यानेच लाल पेशी फुटू शकतात. दुसरं, हे औषध लघवीत साठतं, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचत नाही. ताप, थंडी, बरगडीखाली कळ असेल तर याचा उपयोग नाही. तिसरं, क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय हे सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर लघवीतही पुरेसं उतरत नाही आणि अंगात साठून नसांना त्रास देतं. मायलोमात आणि लोह काढणारं डेफेरासिरॉक्स घेणाऱ्यांत क्रिएटिनिन बघितल्याशिवाय हे सुरू करू नये. आणखी एक बारीक गोष्ट: याला आम्लधर्मी लघवी मानवते. जळजळीचं अल्कलायझर सिरप लघवी अल्कधर्मी करतं. दोन्ही एकदम घेतली की एक पाय पुढे, एक मागे. सिरपने आग शमते, जंतू मरत नाहीत.

जी-६-पीडीची तपासणी कधी केली यालाही महत्त्व आहे. पेशी नुकत्याच फुटून गेल्यात किंवा रक्त चढवलंय, अशा वेळी केलेली तपासणी नॉर्मल येऊ शकते, कारण उरलेल्या कोवळ्या पेशींत आणि दात्याच्या पेशींत एन्झाइम भरपूर असतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. मुलग्यांत ही कमतरता जास्त उघड होते, पण मुलींना नसतेच असं नाही.

को-ट्रायमॉक्साझोल, म्हणजे जुन्या लोकांची ‘सेप्ट्रान’. सल्फा आहे, त्यामुळे जी-६-पीडीवाल्यांनी विचारल्याशिवाय नाही. अस्थिमज्जेला दाबतं, पोटॅशियम वाढवतं. मेथोट्रेक्सेट या किमोच्या औषधाबरोबर तर दोघंही फोलेटवरच घाला घालतात आणि तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम कोसळू शकतात. इथे गोंधळ होतो तो असा की ल्युकेमियाच्या मुलांना फुप्फुसाच्या संसर्गापासून बचाव म्हणून हेच औषध आठवड्यातून दोन-तीन दिवस मुद्दाम दिलेलं असतं. ते देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत. ‘घरात आहेच की’ म्हणून लघवीसाठी त्याचीच मात्रा वाढवायची नाही.

रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रोम किंवा वॉर्फरिन घेणाऱ्यांना को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मेट्रोनिडाझोल या तिन्हींनी रक्त अति पातळ होऊ शकतं. दुसरं औषध चालत असेल तर ते घ्यावं. नसेल तर सुरू केल्यापासून ३ ते ५ दिवसांत पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ही तपासणी) करून मात्रा जुळवून घ्यावी. आठवड्याने येणाऱ्या नेहमीच्या तारखेची वाट बघण्यात हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त सुरू होतं.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि लोहाच्या गोळ्यांचं वाकडं आहे. लोह, कॅल्शियम, अँटासिड यांना हे औषध आतड्यातच चिकटतं आणि शोषलं जात नाही. रक्त वाढायच्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी बायका दोन्ही गोळ्या एका घोटात घेतात, मग ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून मोठं औषध येतं. सिप्रो लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्यायची, आणि दुधा-दह्याबरोबर घ्यायची नाही. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर खाली घसरू शकते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर टाचेचा स्नायुबंध दुखायला लागला की थांबून विचारायचं.

अमिकासिन, सेफ्ट्रिॲक्सोन ही इंजेक्शनं. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ती सर्रास कमरेत देतात. प्लेटलेट कमी असलेल्याला, हिमोफिलियाच्या रुग्णाला, रक्त पातळ असलेल्याला कमरेतलं इंजेक्शन चालत नाही. स्नायूत रक्ताची गाठ होते, आणि न्यूट्रोफिल कमी असतील तर तिथेच गळू. शिरेतूनच द्या, हे स्पष्ट सांगायला लाजू नका. अमिकासिन मूत्रपिंडाला आणि कानाला जड, सिकल सेल आणि मायलोमात विशेष जपून. सेफ्ट्रिॲक्सोनने क्वचित, पण झपाट्याने लाल पेशी फुटतात. सिकल सेलच्या मुलांत हे घडलेलं नोंदलेलं आहे. इंजेक्शननंतर लघवी काळपट झाली, मूल पांढरं पडलं, तर पुढचा डोस देऊ न देता तिथेच दाखवा.

एन्टेरोकोकससाठी लिनेझोलिड लिहिलं गेलं तर दहा-चौदा दिवसांत प्लेटलेट उतरू शकतात. आधीच आयटीपी असेल तर याचा हिशेब आधी करावा.

फॉस्फोमायसिनच्या ३ ग्रॅमच्या पुडीचं मात्र या रुग्णांशी बऱ्यापैकी पटतं. पाण्यात विरघळवून एकदाच, रात्री लघवी करून झोपताना. इतर औषधांशी भांडण कमी. पण हीही मूत्राशयापुरती. ताप असेल तर पुडीवर भागत नाही. आणि पुरुषाला लघवीचा संसर्ग झाला तर तो ‘साधा’ धरत नाहीत, प्रोस्टेटचा विचार करावा लागतो.

वेदनाशामकांत पॅरासिटामॉल, बाकी सगळं बंद: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन प्लेटलेटचं काम बिघडवतात आणि मूत्रपिंडावर घसरतात. पोटात मुरडा आला म्हणून मेडिकलवाला देतो त्या जोडगोळीत बरेचदा यांतलंच एक लपलेलं असतं, पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. फेनाझोपिरिडिन जी-६-पीडीवाल्यांना नकोच.

ताप आला तर घड्याळ बघा

न्यूट्रोफिल ५००च्या खाली आणि ताप एकदाही १०१ अंश फॅरनहाइट, किंवा १००.४ तासभर टिकलेला: ही इमर्जन्सी, रात्रीचे दोन वाजले असले तरी. रुग्णालयात पोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, त्याआधी रक्ताची दोन कल्चर आणि लघवीचं कल्चर घ्यावं, असा जगभरचा शिरस्ता आहे. लघवी होत नसेल तर तिच्यासाठी औषध अडवून ठेवायचं नाही.

ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊन टाकण्याची सवय इथे घातक ठरते. आधी मोजा, लिहा, मग विचारून द्या. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन चालू असेल तर ताप चढेलच असं नाही. नुसती हुडहुडी, गळून जाणं, बडबडणं, लघवी कमी होणं हीच खूण समजायची. थर्मामीटर काखेत किंवा तोंडात. गुदद्वारात नाही, सपोझिटरी नाही, एनिमा नाही. लघवी तुंबलेली नसताना ‘मोजायला बरं’ म्हणून नळी घालू देऊ नका. घालावीच लागली तर ती कधी काढणार हे त्याच दिवशी विचारा.

सिव्हिलला असो की खासगीत, ओपीडीच्या रांगेत बसू नका. कॅज्युअल्टीच्या दारात म्हणायचं: ‘किमो चालू आहे, न्यूट्रोफिल कमी आहेत, ताप आहे.’ या तीन तुकड्यांनी पुढची हालचाल लवकर होते. बार्शी, पंढरपूर सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटर, करमाळा त्याहून लांब. गाडी कोणाची, १०८ला फोन कोण करणार हे किमोच्या दिवशीच ठरवून ठेवलेलं बरं.

इतरांची घाईही कमी नाही. सिकल सेलमध्ये प्लीहा बहुधा लहानपणीच निकामी होते. काही थॅलेसेमियाच्या रुग्णांची काढलेली असते. या दोघांनाही १०१.३ अंशांच्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय, जळजळ असो वा नसो. डेफेरिप्रोन घेणाऱ्याला ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, कारण या औषधाने न्यूट्रोफिल अचानक शून्याकडे जाऊ शकतात. डेफेरॉक्सामिनही तापात थांबवतात. उलटी-जुलाब-तापाने पाणी कमी झालं असेल तर डेफेरासिरॉक्सही चालू ठेवू की नको हे लगेच विचारायचं, सुकलेल्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही.

योग्य औषध सुरू होऊन ४८ ते ७२ तास झाले तरी ताप हटत नसेल तर औषध बदलण्याआधी सोनोग्राफी मागा. खडा अडकून लघवी तुंबली असेल तर कोणतंच अँटिबायोटिक पुरे पडत नाही. उन्हाचा मुलूख आहे, खडे इथे कमी नाहीत.

हिमोफिलिया आणि ‘रक्त थांबायची गोळी’

हिमोफिलियात लाल लघवी आली की घरात ठेवलेली ट्रॅनेक्सामिक ॲसिडची गोळी देण्याचा मोह होतो. दात काढताना, नाकातून रक्त येताना ती कामाची. लघवीच्या रक्तात नाही: मूत्रनळीतच गुठळी घट्ट बसते आणि मूत्रपिंड तुंबतं. इथे आराम आणि भरपूर द्रव, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला ३ लिटर, ४८ तास. मोठ्या माणसाला हे ५ लिटरच्या घरात जातं, म्हणून हृदय-मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री करून डॉक्टरांच्या नजरेखाली. इतका द्रव चालू असताना डेस्मोप्रेसिन देत नाहीत, ते पाणी अंगात अडवतं. कळ असेल किंवा लाली हटत नसेल तर फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कमी असलेल्या घटकाचं इंजेक्शन. संसर्गाचं कल्चर सोबत करायचंच, पण रक्त बघून आधी अँटिबायोटिक नको.

पाणी, माग आणि मुतारी

पुष्कळ संसर्ग मुळातून टाळता येतात, आणि त्यात सोलापूरची अडचण खास आहे. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे जपून वापरायची सवय पिण्यापर्यंत झिरपते. मागाच्या शेडमध्ये घामाने अंग निथळतं; विड्या वळणाऱ्या बायका हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत उठत नाहीत; वारीत, यात्रेत, बाजारात बायकांना जागाच नसते म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. लघवी चार-चार तास तुंबवून ठेवली की मूत्राशयात शिरलेल्या जंतूंना वाढायला सवड मिळते.

कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटरची भर घातली तर वर्षातले प्रसंग निम्म्यावर येतात, असं २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. दीड लिटर म्हणजे मोठे सहा पेले. लोहाने हृदय कमजोर झालेला थॅलेसेमियाचा रुग्ण किंवा मूत्रपिंड अधू असलेला मायलोमाचा रुग्ण यांनी मात्र आकडा डॉक्टरांकडून घ्यावा.

‘लघवी पांढरी स्वच्छ होते म्हणजे पाणी पुरतंय’ ही खूण सिकल सेलमध्ये चालत नाही. त्यांचं मूत्रपिंड लघवी घट्ट करूच शकत नाही. अंग सुकलं तरी लघवी फिकटच राहते, रात्री दोनदा उठावं लागतं, आणि सुकलेपणातून कळांचा झटका सुरू होतो. त्यांनी रंग न बघता तासाचं घड्याळ लावून प्यावं.

बद्धकोष्ठ असेल तर ते आधी सोडवा. मुलांत तर वारंवार संसर्गाचं हे ठरलेलं कारण असतं. पाळी गेलेल्या बायकांना योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम उपयोगी पडतं, पण रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा कर्करोगाचा इतिहास असेल तर विचारून. मधुमेह जोडीला असेल तर साखर आवरा, आणि इथे एक फसगत: लाल पेशी लवकर फुटत असतील किंवा रक्त चढवलं जात असेल तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, खोटा कमी येतो. साखरेचे रोजचे आकडे धरा. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साखर लघवीतून काढते, त्याने खाज-बुरशी वाढते. ती जळजळ जंतूंची नसते.

गोखरूचा काढा, पुनर्नवा, भस्मं यांबद्दल विचारणा फार होते. धन्याचं पाणी, वाळ्याचं पाणी पाणी म्हणून चांगलंच. काढे आणि भस्मं किमो, ॲसिट्रोम किंवा लोह काढणाऱ्या औषधांबरोबर नकोत, त्यांत काय किती आहे याचा हिशेब लागत नाही.

शेवटी एक काम. वहीच्या पुठ्ठ्याचं छोटं कार्ड करा आणि रुग्णाच्या पाकिटात ठेवा, एक फोटो मोबाइलमध्ये. त्यावर: आजाराचं पूर्ण नाव. रक्तगट. प्लीहा आहे की काढली. जी-६-पीडी: कमी, नॉर्मल की तपासलेलं नाही. शेवटचे आकडे तारखेसह: हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल, प्लेटलेट, क्रिएटिनिन. चालू औषधं मात्रेसह. ॲलर्जी. मागच्या कल्चरमध्ये कोणता जंतू आला आणि त्याला काय लागू पडलं. ‘कमरेत इंजेक्शन नको’ लागू असेल तर ठळक. रक्तविकारतज्ज्ञांचा नंबर. आकडे पेन्सिलीने लिहा, दर खेपेला बदलतात.